एक लॅपटॉप, दोन पेशंट

महिन्याची वीस तारीख उलटली, की घरातल्या वस्तूंना बरोबर कळतं. गीझर, मिक्सर, चपलेचा अंगठा... सगळ्यांना तेव्हाच मान टाकायची असते. त्यात लॅपटॉपचं मरण सगळ्यात नाटकी. आदल्या रात्री शहाण्यासारखं शटडाउन करून ठेवलेला असतो. सकाळी बटण दाबावं, तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. 'नो बूटेबल डिव्हाइस'. मराठीत सांगायचं तर, घरी कुणी नाही, नंतर या!

पुढचं दृश्यही ठरलेलं. ऑफिसातला एक जण म्हणतो, 'नो कॉस्ट ईएमआयवर नवा उचल ना यार.' दुसरा म्हणतो, 'फॉरमॅट मार.' तिसऱ्याच्या मेव्हण्याचं ओळखीचं दुकान असतं. आणि आपण मनातल्या मनात चाळीस हजारांना बाराने भागत बसतो.

भागाकार नंतर करा. आधी ती ओळ पुन्हा वाचा. ती दिसतेय म्हणजे स्क्रीन चालू आहे. ती कुणीतरी लिहिलीय म्हणजे प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड सगळं जागेवर आहे. गेलीय ती बहुधा पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी मोठी, पण बरीच चपटी अशी एक डबी. हार्ड डिस्क. लॅपटॉपच्या बाबतीत आपण 'गेला' हा शब्द जरा फारच ढिला वापरतो, असं माझं मत आहे. आणि ते मत मी पैसे नसताना बनवलंय, त्यामुळे ते पक्कं आहे.

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे आयकार्ड नाही, सॅलरी स्लिप नाही आणि ऑफिसचा लॅपटॉपही नाही. पेमेंट असतं, पण ते कायम 'प्रोसेसमध्ये' असतं. माझा लॅपटॉप २०१६चा, बीएमएमला ॲडमिशन घेतली तेव्हा आई-बाबांनी घेऊन दिलेला. आय-थ्री, चार जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. कॉलेजचे प्रोजेक्ट, पहिली इंटर्नशिप, लॉकडाउनमधले झूम कॉल, सगळं त्याच्यावर झालं. २०२३च्या पावसाळ्यात त्याने मान टाकली. सर्व्हिस सेंटरवाल्याने पार्ट, लेबर, जीएसटी धरून साडेआठ हजार सांगितले आणि वर प्रेमळ सल्ला दिला, 'मॅडम, एवढ्या जुन्या मशीनवर कशाला खर्च करता? एक्स्चेंजमध्ये नवा घ्या.' माझ्या खात्यात तेव्हा सहा हजार चारशे रुपये होते आणि दोन लेखांची डेडलाइन होती. नवा लॅपटॉप हा विषयच नव्हता. मग म्हटलं, बघू तरी, आत नक्की काय मेलंय.

आता थोडा फंडा समजून घ्या, म्हणजे कुणी तुम्हाला टोपी घालणार नाही. डीव्हीडीचा ट्रे सोडला, तर जुन्या लॅपटॉपमध्ये हलणाऱ्या वस्तू दोनच, पंखा आणि हार्ड डिस्क. डिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते. लॅपटॉपमध्ये ती सहसा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून वाचणारं हेड तबकडीला न टेकता, जेमतेम काही नॅनोमीटर वरून तरंगत असतं. आपला केस काही दहा हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. आणि हे इतकं नाजूक प्रकरण, कधी कधी नीट बंदही न करता, सॅकमध्ये कोंबून आपण डोंबिवलीहून फास्ट पकडतो. वर दादरला उतरताना तीच सॅक ढाल म्हणून वापरतो. डिस्क इतकी वर्षं टिकते हेच नवल!

निदान घरच्या घरी होतं. पहिलं साधन कान. बटण दाबून लॅपटॉपला कान लावा. टक्... टक्... टक्... असा घड्याळासारखा ठरावीक आवाज येत असेल, तर हेडची वाट लागलीय. तिथेच बंद करा. आवाज अजिबातच नसेल, तर डिस्कला वीजच पोचत नसेल. कनेक्टर सैल झाला असेल किंवा चपटी केबल गेली असेल. नंतर माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपला नेमकं हेच झालं होतं. डिस्क काढली, पुन्हा बसवली, खलास! खर्च शून्य. मालकाला इतका संशय आला की त्याने मला वडापाव खाऊ घालून दोनदा विचारलं, 'पण नक्की काय केलंस?'

दुसरं साधन बायोस. लॅपटॉप सुरू होताना एफ-टू, डिलीट किंवा एस्केप (कंपनीगणिक बटण वेगळं) दाबत राहिलं, की एक जुनाट दिसणारी स्क्रीन येते. तिथे डिस्कचं नाव दिसत असेल, तर डिस्क पूर्ण मेलेली नाही. आजारी असेल किंवा फक्त विंडोज बिघडलं असेल. मग तिसरं साधन, आठ जीबीचा पेनड्राइव्ह. मित्राच्या कॉम्प्युटरवरून त्याच्यात लिनक्स मिंट टाकून घ्यायचं आणि लॅपटॉप थेट पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्ड डिस्कला हातही न लावता अख्खा लॅपटॉप चालतो! त्यातल्या 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्राममध्ये डिस्कचा 'स्मार्ट' रिपोर्ट बघता येतो. त्यात 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्य असावेत. पेंडिंग म्हणजे डिस्कच्या ज्या जागा आता वाचता येत नाहीत त्या. तो आकडा वाढायला लागला, की आजार पसरतोय असं समजा.

या टप्प्यावर कुठलाही दुकानदार एक प्रश्न विचारत नाही. तो आपणच आपल्याला विचारायचा. तुम्हाला लॅपटॉप हवाय की त्याच्या आतलं? कारण हे दोन वेगळे पेशंट आहेत. मशीन वाचवणं स्वस्त आहे, जवळजवळ खात्रीचं आहे, आणि त्यात घाई केली तरी चालते. डेटा वाचवणं बेभरवशाचं, प्रसंगी महाग, आणि त्यात घाई केली की संपलं. दोघांना एकाच वेळी एकाच टेबलावर घेतलं, की सहसा मशीन वाचतं आणि डेटा जातो. 'फॉरमॅट मार' म्हणणारा मित्र आठवतोय ना? तो हेच करतो.

माझा प्रश्न सोपा होता. लेख सगळे ईमेलमध्ये, फोटो फोनमध्ये. मला मशीन हवं होतं. टक् टक् करणाऱ्या माझ्या डिस्कला मी रामराम ठोकला आणि ग्रँट रोड गाठलं.

स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं, की तो रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण तोंडी चालतो तो लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला कल्पनाही नसेल, की आपल्या नावावर पुढे रॅम, केबल आणि सीसीटीव्ही विकले जातील. तिथे जाताना जुनी डिस्क सोबत न्या, निदान तिच्या लेबलचा फोटो तरी. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. पुढच्या काळातल्या बारीक लॅपटॉपमध्ये एम-टू नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी चीज असते, आणि त्यातही साटा व एनव्हीएमई असे दोन प्रकार. चुकीचा आणला की पोपट.

हार्ड डिस्कच्या जागी टाकायची ती एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप. त्यामुळे सॅकमधले धक्के ती हसत खाते. हार्ड डिस्कच्या हेडला एखादी फाइल शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद हिंडावं लागतं, एसएसडीला त्याच्या साधारण शंभरावा हिस्सा पुरतो. जुना लॅपटॉप 'स्लो' झाला म्हणून आपण प्रोसेसरला शिव्या घालतो, पण बिचारा प्रोसेसर निम्मा वेळ डिस्कची वाट बघत उभा असतो. काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, 'मॅडम, एसएसडी डालो, रॉकेट हो जाएगा.' सेल्सवाले बोलतात त्यातलं खरं ठरलेलं माझ्या आयुष्यातलं हे दुर्मीळ वाक्य.

२४० जीबीच्या एसएसडीचे मी १,४५० रुपये दिले. जुनी डिस्क यूएसबीला जोडायची केबल साडेतीनशे, बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट दीडशे. १,९५० रुपयांत खेळ आटोपला. हे भाव आता तसेच मिळतील असं मात्र समजू नका. २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम आणि फ्लॅश मेमरी अशी काही उचलायला सुरुवात केली, की आपल्यासारख्यांच्या एसएसडीही महागल्या. २०११मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, तेव्हाही हेच झालं होतं. पूर थायलंडला, महागाई ग्रँट रोडला! फारच ओढाताण असेल तर १२० जीबीतही काम भागतं. आणि खिशात काहीच नसेल, तर डिस्क न टाकता पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर पगार होईपर्यंत निभावता येतं. जरा अडखळत चालतं, पण चालतं. मी स्वतः नऊ दिवस तशीच काढली आणि दोन्ही लेख त्यावरच पाठवले.

फक्त 'दोन टीबी, नऊशे नव्व्याण्णव रुपये' असल्या ऑनलाइन जाहिरातींच्या नादी लागू नका. त्या डबीत कुठलीतरी बारकी चिप असते आणि ती कॉम्प्युटरला खोटं खोटं 'दोन टीबी' सांगते. खरी जागा भरली, की पुढच्या फाइली हवेत. बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्या कागदावर मिळते, दुकानदाराच्या 'आपलंच दुकान आहे'वर नाही.

उघडायचं कसं? आधी चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आत असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. नळाला हात लावून घ्या, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते. मग स्क्रू. इथे माझा स्वतःचा शोध आहे, मसाल्याचा डबा! सात वाट्यांचा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला, तर तो सरळ मदरबोर्डात घुसू शकतो. त्यामुळे पुढचे एका वाटीत, मागचे दुसऱ्या, डिस्कच्या कप्प्याचे तिसऱ्या. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. सगळे काढूनही झाकण निघत नसेल तर जोर करू नका, एखादा राहिलाय. मुदत संपलेलं प्लास्टिकचं कार्ड फटीत सरकवत नेलं, की झाकणाच्या खिट्ट्या कट् कट् सुटतात. डिस्क ज्या पत्र्याच्या कोंदणात बसलेली असते, ते काढून एसएसडीला लावायचं आणि सरकवायचं. मला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली दहा 'आता फोडणी कशात करू?' या आईच्या प्रश्नाला उत्तरं देण्यात गेली.

विंडोज पुन्हा टाकायला पैसे लागत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विंडोज आठ किंवा त्यानंतरचं कंपनीकडूनच येणाऱ्या लॅपटॉपमध्ये त्याची चावी सहसा मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते. तीच आवृत्ती टाकली, की ती आपोआप ओळख पटवते. त्यामुळे 'क्रॅक टाकून देतो, फुकट' म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेत लॉगिन करता, त्यात चोरवाटेनं आलेला पाहुणा कशाला? अर्थात, १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि माझा सहाव्या पिढीचा आय-थ्री विंडोज इलेव्हनच्या अधिकृत यादीत बसत नाही. मग मी कायमची लिनक्स मिंटवर गेले. ब्राउझर, लिहिणं, झूम, मराठी टायपिंग सगळं होतं. आधी मी बटण दाबून चहा ठेवायचे, तो गाळून आणला तरी गोल चक्र फिरतच असायचं. आता चहाला आधण येण्याआधी लिहायला बसावं लागतं. हा एक तोटा.

डोंबिवलीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. पुढच्या वर्षभरात माझ्याकडे आठ-नऊ लॅपटॉप आले. सगळ्यांना जीवदान मिळालं असं नाही. एका मित्राच्या स्वस्तातल्या बारीक लॅपटॉपमध्ये स्टोरेजची चिप मदरबोर्डवरच चिकटवलेली निघाली. ती बदलताच येत नाही, त्याला मग बाहेरून यूएसबीला एसएसडी लावून दिली. एकीने ऑफिसचाच लॅपटॉप आणला. तो मी झाकणही न उघडता परत केला. डेटा एन्क्रिप्टेड असतो, मशीन कंपनीचं आणि नोकरी तुमची. आयटीवाल्यांचा नंबर फिरवा.

या सगळ्या केसेस मशीनच्या होत्या. दुसऱ्या प्रकारची केस २०२४च्या दिवाळीत आली. आमच्या समोरच्या काकू.

काका मध्य रेल्वेत मोटरमन होते. २०१२ला रिटायर झाले, तेव्हा बंगळुरूच्या मुलाने त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. काकांनी त्यावर आठवणी लिहायला घेतल्या. मराठी टायपिंग येत नव्हतं, म्हणून कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर उमटतं, याचा बॉलपेनने एक तक्ता बनवून कीबोर्डखाली चिकटवला आणि एका बोटाने सात-आठ वर्षं लिहीत राहिले. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, काका गेले. त्यानंतर काकू अधूनमधून लॅपटॉप सुरू करायच्या, फोटो बघायच्या, बंद करायच्या. वसुबारसेच्या दिवशी तो सुरूच झाला नाही.

नाक्यावरच्या दुकानदाराने पाच मिनिटांत निदान केलं. 'डिस्क गेली. नवीन टाकतो, साडेतीन हजार. जुनी ठेवून घेतो, तिचे दोनशे कमी करतो.' काकूंना डिस्क म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण ठेवून घेतो म्हणजे काय ते बरोबर कळलं. लॅपटॉप पदराखाली धरून त्या थेट आमच्याकडे आल्या. 'ह्यांचं लिखाण दोनशे रुपयांना मागत होता मेला. मला लॅपटॉप नको गं. आतलं तेवढं काढून दे.'

मी कान लावला. टक् टक् नव्हतं, नुसती दमल्यासारखी घरघर. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसत होतं. पेंडिंग सेक्टरचा आकडा चारशेच्या वर. म्हणजे पेशंट शुद्धीवर होता, पण किती वेळ ते सांगता येत नव्हतं.

डेटा परत मिळवून देणाऱ्या दोन लॅबना फोन केला. एकाने पंधरा ते पंचवीस हजार सांगितले, दुसऱ्याने चाळीसपर्यंत, तपासणी फी वेगळी. हे लोक लुटतात असं मला वाटत नाही. हेडच बिघडलं असेल तर डिस्क धूळमुक्त खोलीत उघडावी लागते, तशाच दुसऱ्या डिस्कमधला पार्ट काढून बसवावा लागतो. पण काकूंची फॅमिली पेन्शन आणि मुलाच्या घराचा हप्ता, दोन्ही मला माहीत होते. मुलगा फोनवर म्हणाला, 'दोन महिने थांबलीस तर जमवतो.' मी दोघांना स्पष्ट सांगितलं. मी प्रयत्न केला तर फुकट होईल, पण डिस्क जितका वेळ फिरेल तितकी आणखी बिघडू शकते, आणि माझ्याकडे असताना ती पूर्ण गेली तर लॅबलाही काही सापडेल याची खात्री नाही. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, 'तू कर. पण जीव लावून कर.'

माझी अट एकच. एकदा जरी टक् ऐकू आलं, तरी त्याच क्षणी वायर काढणार आणि डिस्क कापसात गुंडाळून दोन महिने वाट बघणार.

अशा डिस्कला काय करायचं नाही, याची यादी मोठी आहे. फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. हा जुना टोटका आहे, पण बाहेर काढली की आत दव जमतं आणि तबकडीवर पाण्याचा थेंब म्हणजे खेळ खल्लास. हातावर आपटायची नाही. झाकण उघडून 'बघायची' नाही. विंडोजला जोडली, की ते आपुलकीने विचारतं, 'फॉरमॅट करू का?' त्याला नाही म्हणायचं. 'चेक डिस्क' चालवायचं नाही, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली आजारी डिस्कवर लिहायला लागतं. आणि फाइली एकेक करून ओढत बसायचं नाही. हेडला उगाच इकडून तिकडे पळवल्यासारखं होतं.

करायचं ते एवढंच, डिस्कची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी नक्कल, आणि मग जे काही शोधायचं ते नकलेत. यासाठी लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्याची अक्कल साधी पण कौतुकाची. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलायचं, अडलं की तो भाग सोडून पुढे जायचं, कुठे अडलं ते वहीत टिपून ठेवायचं आणि कठीण जागांकडे शेवटी परत यायचं. बोर्डाच्या परीक्षेत बाई सांगायच्या तेच! शिवाय ती टिपणवही असल्यामुळे मध्ये थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

मैत्रिणीकडून एक टीबीची रिकामी डिस्क उसनी आणली. माझा लॅपटॉप, एका पोर्टला काकांची डिस्क, दुसऱ्याला मैत्रिणीची. हुकूम टाइप केला आणि हात थांबला. या हुकमात दोन डिस्कची नावं लिहायची असतात, आधी कुठून, मग कुठे. ती उलटी पडली, तर काकांच्या आठ वर्षांवर मैत्रिणीची रिकामी डिस्क छापली जाणार होती. अनडू वगैरे काही नाही. मी नावं तीनदा वाचली, डिस्कचे आकार ताडून बघितले, आईला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तिने एकेक अक्षर वाचलं. मग एन्टर.

पहिल्या रात्री निम्म्याहून जास्त डिस्क आली. दुसऱ्या रात्री वेग इतका पडला, की स्क्रीनवरचा आकडा हलतोय का हे बघायला मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. डिस्क तापत होती, म्हणून टेबल फॅन तिच्याकडे तोंड करून. दिवसा तिला विश्रांती. काकू दर दोन तासांनी यायच्या, आयसीयूबाहेर उभं राहावं तशा दारात उभ्या राहून विचारायच्या, 'आहे ना?' तिसऱ्या रात्री पावणेतीनला कठीण जागांची फेरी संपली. ५०० जीबीपैकी दीडशे एमबीच्या आसपास वाचता आलं नाही. मी डिस्कची वायर काढली. टक् एकदाही ऐकू आलं नव्हतं.

नकलेत फोटोंची फोल्डर होती. बरेचसे धड, काही अर्धे. मुंजीच्या एका ग्रुप फोटोत सगळ्यांची तोंडं आहेत आणि कमरेखाली नुसता राखाडी रंग. लिखाणाचं फोल्डर उघडलं, त्यात २६ फाइली. पहिली उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. पानभर इंग्रजी अक्षरं, कॉमे, कंस, नुसती खिचडी. माझ्या मागे काकू उभ्या होत्या. 'गेलं का गं?'

नव्हतं गेलं. काकांनी टाइप केलं होतं 'शिवाजी' फाँटमध्ये. युनिकोड सर्रास वापरात यायच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये आतून इंग्रजीचीच अक्षरं असायची, फक्त त्यांना चेहरा मराठीचा चढवलेला. तो फाँट मशीनमध्ये नसेल, तर मुखवटा उतरतो आणि खिचडी दिसते. तुमच्या आई-बाबांच्या जुन्या सीडींमध्येही अशा फाइली असतील, कचरा म्हणून उडवू नका. फाँट शोधायला लांब जावं लागलं नाही. काकांच्याच डिस्कच्या नकलेत, विंडोजच्या फाँटच्या फोल्डरमध्ये तो बसला होता. माझ्या मशीनमध्ये टाकला, फाइल बंद करून पुन्हा उघडली.

पहिली ओळ मराठीत आली तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसून खुर्चीत बसल्या आणि वाचायला लागल्या. २६ जुलै २००५चं प्रकरण त्यांनी तिथेच सलग वाचून काढलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. काकांची लोकल कुर्ला आणि शीवच्या मध्ये पाण्यात उभी होती आणि काका सकाळपर्यंत केबिनमध्ये. 'मला म्हणाले होते, स्टेशनात झोपलो,' काकू म्हणाल्या. 'एकोणीस वर्षं खोटं बोलले बघ.'

२६ पैकी २४ फाइली उघडल्या. युनिकोडमध्ये बदलताना काही जोडाक्षरं तुटली, ती मी आणि काकू मिळून जुळवतोय. सगळ्याच्या दोन प्रती केल्या, एक काकूंच्या कपाटात, एक बंगळुरूला. मूळ डिस्क नीट गुंडाळून लॉकरमध्ये ठेवलीय, न जाणो कधी लॅबचे पैसे जमले तर. आणि मशीन? त्यात एसएसडी आणि लिनक्स मिंट टाकलं. तो पेशंट तासाभरात हिंडू-फिरू लागला.

न उघडलेल्या दोन फाइलींपैकी एकीचं नाव होतं 'लग्न'. नाव शाबूत, आत काही नाही. मला वाटलं, काकूंना हे कसं सांगू. त्या म्हणाल्या, 'ते मला पाठ आहे. आणि त्यांनी तारीख नक्की चुकवली असणार.' त्या आता तेच प्रकरण त्याच लॅपटॉपवर स्वतः लिहिताहेत. पण मिंटवर मी युनिकोडचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावलाय, त्यातली अक्षरांची जागा वेगळी. काकांचा तक्ता काढू द्यायला त्या तयार नाहीत, म्हणून नवा तक्ता मी त्याच्या शेजारी चिकटवलाय. आतापर्यंत दीड पान झालंय. 'ळ' हा 'ल'च्याच बटणावर शिफ्ट दाबून मिळतो, हे सांगायला मला दर रविवारी समोर जावं लागतं.